शनिवारवाड्याची भेट आणि ‘काका, मला वाचवा’ ही आख्यायिका : एक विवेचन

प्रस्तावना

लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयाचा मराठी विभाग दरवर्षी विद्यार्थ्यांना एखाद्या स्थळाच्या भेटीस नेतो. या वेळी स्थळ कोणते घ्यावे असे वर्गात विचारले, तेव्हा बहुतेकांनी पुण्याचा शनिवारवाडा सुचविला. पेशवाईविषयीचे कुतूहल त्यामागे असेल, असा प्रस्तुत लेखकाचा समज झाला. तो एका विद्यार्थ्याने लगेच दूर केला. “सर, तिथं पौर्णिमेच्या रात्री आवाज येतो म्हणतात. रात्री थांबता येईल का?”

रात्री थांबता येत नाही. शनिवारवाडा हे संरक्षित स्मारक असून सायंकाळी त्याचे दरवाजे बंद होतात. परंतु या प्रश्नामागचा खरा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. तो असा की, तेथे भूत आहे की नाही, आणि नसेल तर एवढी माणसे एवढ्या काळापासून तसे का सांगत आली आहेत? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे आणि ते देऊन मोकळे होण्याची आपणा अध्यापकांना सवयही आहे. “भूत वगैरे काही नसते” एवढे म्हटले की तास पुढे जातो. दुसरा भाग मात्र तसाच राहतो. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या भागाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आधी वाडा, मग ती घटना आणि मग आख्यायिका, या क्रमाने जाणे सोयीचे ठरेल.

वाडा : तेव्हाचा आणि आताचा

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, त्याची वास्तुशांत झाली. पुढील पेशव्यांनी त्यात भर घातली. नानासाहेबांच्या काळात गणेश रंगमहाल उभा राहिला. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण असे पाच दरवाजे, नऊ बुरूज, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आणि सात मजल्यांपर्यंत चढलेली मुख्य इमारत असे त्याचे वर्णन केले जाते.

यांपैकी आज काय शिल्लक आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. टोकदार खिळे जडविलेल्या दिल्ली दरवाजातून, वरचा नगारखाना डोक्यावर घेत, आपण आत शिरतो आणि समोर एकदम मोकळे आकाश येते. हिरवळ, जोती, कारंज्याची हौद, तटावर जाणाऱ्या पायऱ्या. राहता वाडा नाही. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. नंतर तुरुंग, दवाखाना, वेड्यांचे इस्पितळ अशा कामांसाठी ही वास्तू वापरली गेली आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीत लाकडी इमारती भस्मसात झाल्या. आग सात दिवस धुमसत होती, असे सांगतात. १९१९ मध्ये वाड्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. त्यानंतर झालेल्या उत्खननातून आज दिसणारी जोती आणि कारंजी उघडी झाली.

ज्या विद्यार्थ्याने रात्री थांबण्याची गोष्ट काढली होती, तो आत आल्यावर काहीसा खट्टू झाला. “सर, मारलं ते ठिकाण कोणतं?” असे त्याने विचारले. बोट दाखवून सांगता यावे असे ठिकाण नव्हते. शेजारच्या एका गटाला वाटाड्या एक जोते दाखवीत होता. थोड्या वेळाने दुसऱ्या गटाला दुसऱ्या वाटाड्याने दुसरेच जोते दाखविले. दोघेही तितक्याच खात्रीने बोलत होते.

या गोष्टीला आख्यायिकेच्या दृष्टीने महत्त्व आहे. भुताच्या इतर वाड्यांविषयी आपण ऐकतो तेथे बंद खोली असते, जिना असतो, माडीवरची खिडकी असते. शनिवारवाड्यात यांपैकी काहीच उरलेले नाही. कदाचित म्हणूनच येथील भूत कोणाला दिसत नाही, ते फक्त ऐकू येते. मराठी लोकसमजुतीत भुतांचे प्रकार पुष्कळ आहेत व त्यांची वर्गवारीही काटेकोर आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला तो मुंजा, वासना गुंतून राहिलेला ब्राह्मण तो समंध, शिवाय हडळ, खवीस, वेताळ वेगळे. नारायणरावांचे लग्न झालेले असल्यामुळे ते मुंजा होऊ शकत नाहीत. समंध म्हणावे तर समंधाला झाड, विहीर, पुरलेले धन असे काही राखावे लागते. आजच्या सांगण्यात शनिवारवाड्याच्या भुताला यांपैकी कोणतेच नाव नाही. तेथे आहे ते एक वाक्य. रूप, वस्त्र, उलटे पाय काही नाही, केवळ “काका, मला वाचवा”.

त्या दुपारी काय घडले

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. चुलते रघुनाथराव यांचा पेशवेपदावर डोळा होता आणि पुतण्याने त्यांना याच वाड्यात नजरकैदेत ठेवले होते. म्हणजे ज्या काकांना पुढे हाक मारली गेली, ते काका स्वतः त्याच वाड्यातील बंदिवान होते. ही बाब आख्यायिका सांगताना सहसा गळून पडते.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५. गणेशोत्सवाचे दिवस. त्या दिवशी सकाळी नारायणराव पर्वतीस गेले होते. कटाची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती व बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडके यांना सांगितलेही होते. हरिपंत भोजनास गेले आणि बंदोबस्त राहिला. दुपारी एकच्या सुमारास सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ आदी गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना बिलगले. रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार याने त्यांना ओढून बाजूला केले आणि सुमेरसिंगाने वार केले. सारे अर्ध्या तासात आटोपले.

वाड्यात उभे राहून ही हकिगत सांगत असता एका विद्यार्थिनीने मनातल्या मनात हिशेब केला आणि ती म्हणाली, “म्हणजे अठरा वर्षं आणि वीस दिवस.” त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. वर्गातील बहुतेक मुले एकोणीस-वीस वर्षांची होती. पेशवे म्हटल्यावर पगडी घातलेला प्रौढ पुरुषच आपल्या डोळ्यांपुढे येतो, आणि चित्रांनी ती सवय पक्की केली आहे.

आख्यायिकेत काय बदलले

इतिहास आणि आख्यायिका शेजारी ठेवून पाहिल्यास पहिला मोठा फरक वेळेचा दिसतो. खून भर दुपारी झाला आणि आवाज रात्री येतो. तिथी त्रयोदशी होती, तर आवाज पौर्णिमेला येतो. काही जण अमावास्या सांगतात. लोककथेला भरदुपारचा खून मानवत नाही असे नव्हे. दुपारी बाराची वेळही आपल्याकडे भुताखेतांचीच मानलेली आहे. परंतु वाड्याची दुपार आज सहलीच्या मुलांची, छायाचित्रे काढणाऱ्यांची आणि हिरवळीवर बसणाऱ्या जोडप्यांची आहे. आम्ही तेथे होतो तीही वेळ दुपारी एकचीच होती. एका शाळेची मुले तटावरून एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारीत होती. दिवसा या वाड्यात कोणाचीही आर्त हाक ऐकू येणे शक्य नाही. तेव्हा आवाजाला रात्रच शोधावी लागली, असे म्हणता येईल. बाहेर पडल्यावर दरवाजासमोरच्या एका फेरीवाल्यास मुलांनी आवाजाविषयी विचारलेच. तो म्हणाला, “रात्री अकरापर्यंत इथं गाड्याच एवढ्या असतात, आपलाच आवाज आपल्याला येत नाही.”

दुसरा फरक भाषेचा आहे आणि मराठीच्या अध्यापकाला तो विशेष जाणवावा. “काका, मला वाचवा” हे वाक्य आजच्या प्रमाण मराठीचे आहे. अठराव्या शतकातील पत्रे आणि बखरी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ‘मज’, ‘मजला’ ही त्या काळची वळणे परिचित आहेत. नारायणरावांनी काकांना विनविले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र नेमके हेच शब्द उच्चारले गेले असे धरून चालता येत नाही. पिढ्यानुपिढ्या सांगणाऱ्यांनी ते शब्द आपल्या तोंडी बसतील असे घडवीत आणले असावेत. भूत जर खरोखर बोलत असेल, तर ते काळाबरोबर आपली मराठी सुधारीत आले आहे, असे वर्गात म्हटल्यावर हशा पिकला. मुद्दा मात्र गंभीर आहे. आपण ऐकतो तो आवाज १७७३ चा नसून सांगणाऱ्याचा असतो.

भूत पाहिले कोणी?

तर मग ही आख्यायिका केवळ अलीकडच्या पर्यटनाने रचली काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. ‘भारतातील झपाटलेली ठिकाणे’ अशा याद्यांमध्ये शनिवारवाडा हमखास असतो आणि मराठी न येणारी माणसेही ते एक मराठी वाक्य उच्चारताना आढळतात. परंतु नारायणरावांचे भूत याहून बरेच जुने आहे आणि त्याचा पहिला प्रसिद्ध बाधित मनुष्य कोणी पर्यटक नसून खुद्द एक पेशवा होता.

दुसरे बाजीराव हे रघुनाथराव व आनंदीबाई यांचे पुत्र. त्यांचा जन्म १७७५ चा, म्हणजे खुनानंतरचा. १७९६ मध्ये ते पेशवे झाले. नारायणरावांचा ब्रह्मसमंध त्यांना छळीत असे, त्याच्या शांतीसाठी त्यांनी अनुष्ठाने केली, ब्राह्मणांना दाने दिली आणि पुण्याच्या आसपास आंब्याची झाडे लाविली, अशी हकिगत पेशवाईनंतरच्या लेखनात येते. बाजीरावांनी पुण्यात शुक्रवार, बुधवार, विश्रामबाग असे निराळे वाडे बांधले हेही खरे आहे. त्यामागे भूतबाधेची भीती होती असे ठामपणे सांगणे धाडसाचे होईल. हौस आणि पैसा ही कारणेही पुरेशी असतात.

ही हकिगत अक्षरशः खरी मानावयाची की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. भूत कोणाच्या मानगुटीवर बसले, हे त्यात पाहण्यासारखे आहे. ते वाटसरूंना दिसत नाही, दासींना दिसत नाही. ते बसते ते ज्याने खून केला नाही, परंतु ज्याला त्या खुनाचे फळ मिळाले अशा मुलावर. लोकांनी एका शब्दाचाही आरोप न करता वारसदाराचे नाव घेतले आहे.

याचे कारण त्या खुनाच्या निवाड्यात सापडते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले आणि या पापास देहान्त प्रायश्चित्त हाच उपाय असल्याचे त्यांना तोंडावर सांगून पुणे सोडले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. प्रभात कंपनीच्या १९४४ मधील ‘रामशास्त्री’ या चित्रपटाने ती घरोघर पोहोचविली. पण शिक्षेची अंमलबजावणी कोण करणार? आरोपीच पेशवा झाला होता. पुढे बारभाईंनी त्यांना पदावरून दूर केले, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला, रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते नेमणूक घेऊन कोपरगावी राहिले. ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच त्यांना मृत्यू आला. मारेकऱ्यांपैकी काहींना पकडून देहदंड दिला गेला, परंतु ज्याच्यासाठी खून झाला तो मनुष्य कोणत्याही शासनाशिवाय गेला. सर्वांना माहीत असलेला, शास्त्राने ठरविलेला आणि तरीही वसूल न झालेला असा हा निवाडा आहे. फिर्याद ऐकणारे न्यायासन उरले नाही, तेव्हा फिर्यादीची हाक तेवढी लोकांनी जपली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या विधानास एक पडताळा त्याच वाड्यात मिळतो. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव वाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडले आणि २७ ऑक्टोबरला मृत्यू पावले. वय अवघे एकवीस. अपघात, आत्महत्या की ज्वरातील भ्रम, याविषयी आजही मतभेद आहेत. घटना तितकीच करुण, तिचे स्थळ तेवढेच नाट्यमय आणि ते कारंजे तर आजही दाखविता येते. तरी त्या कारंज्यापाशी कोणी हाक ऐकत नाही. निदान शनिवारवाड्याचे भूत म्हटले की त्यांचे नाव कोणी घेत नाही. केवळ अकाली मृत्यू भूत निर्माण करण्यास पुरत असता, तर या वाड्यात पिता आणि पुत्र दोघांचेही आवाज असते.

‘ध’ चा ‘मा’

वाड्यातून परतताना सर्वाधिक चर्चा ज्या प्रश्नावर झाली तो भुताविषयी नव्हता. “आनंदीबाईंनी खरंच ‘ध’ चा ‘मा’ केला का?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम रघुनाथरावांनी दिला आणि त्यांच्या पत्नीने एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले, ही कथा आपण शालेय वयापासून ऐकतो. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच झाला आहे.

ही कथा ग्रँट डफ यांच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात येते. घटनेनंतर तेव्हा ५३ वर्षे लोटली होती. फेरफार आनंदीबाईंनी केला हा सार्वत्रिक समज आहे, असे तेथे म्हटले आहे. हा समज आहे, पुरावा नव्हे. ज्यात अक्षर बदलले तो मूळ कागद आज कोणाच्याही हाती नाही. विभागातील मोडीचा परिचय असलेल्या विद्यार्थ्यांनी दोन्ही शब्द मोडीत लिहून एकाचा दुसरा करून पाहिला. आमच्या हातून तरी खाडाखोड दिसल्याशिवाय तो झाला नाही. अर्थात हा काही पुरावा नव्हे, वर्गातील एक खटाटोप एवढेच.

मात्र या कथेने एक काम निश्चित केले आहे. ज्या दालनात पुतण्या काकांना बिलगला त्या दालनात आनंदीबाईंनी काय केले हे कोणी सांगत नाही. तेथे काका होते. ओढून काढणारा सेवक काकांचा होता. लाभ काकांचा झाला. तरीही दोष हलला तो लिहिता-वाचता येणाऱ्या एका बाईच्या बोरूवर. रामशास्त्र्यांच्या निवाड्यात मुख्य दोषी रघुनाथराव होते, आणि वाक्प्रचारात मात्र ते जवळजवळ निर्दोष सुटले आहेत. या ठिकाणी भूतकथा वाक्प्रचारापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते, असे म्हटल्यास वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु हाक कोणाला मारली आहे ते पाहावे. ती ‘काकू’ अशी नाही.

ज्यांचा आवाज ऐकू येत नाही

त्या अर्ध्या तासात मारले गेलेले नारायणराव एकटे नव्हते. सुमारे अकरा माणसे कापली गेल्याचे इतिहासग्रंथांत नमूद आहे. त्यांत इच्छारामपंत ढेरे होते, दोन दासी होत्या आणि धन्याच्या अंगावर पडून त्याला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकर हा सेवक होता. एक गायही मारली गेली. नारायणरावांचे दहन त्याच रात्री नदीकाठी उरकण्यात आले.

चाफाजी टिळेकर हे नाव वर्गातील एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते. खरे सांगावयाचे तर प्रस्तुत लेखकालाही ते एम. फिल. च्या वाचनात प्रथम भेटले. ज्याने वाचविण्याचा खरा प्रयत्न केला त्याला आख्यायिकेत जागा नाही आणि ज्याने वाचविले नाही त्याचे नाते मात्र तिच्यात अजरामर झाले. दासींची तर नावेही सर्वसाधारण वाचकापर्यंत आलेली नाहीत. हाक ऐकणाऱ्या आपल्या समाजाचा कानही दर्जा पाहूनच ऐकतो की काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आपल्या अहवालात लिहिला आहे.

भेटीनंतर

भेटीनंतर विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्यांकडून ही आख्यायिका जशी ऐकावयास मिळेल तशी, त्यांच्याच शब्दांत, उतरवून आणण्यास सांगितले होते. तिथी, वेळ, आवाजाचे शब्द आणि दोषी कोण, या चार गोष्टींची नोंद प्रत्येकाने करावयाची होती. आलेल्या टिपणांत तिथी आणि वेळ यांबाबत एकमत नाही, हाकेच्या शब्दांत मात्र जवळजवळ फरक नाही. दोषी म्हणून अनेकांच्या घरी आनंदीबाईंचेच नाव सांगितले गेले. ज्या सहकाऱ्यांना असा उपक्रम घ्यावयाचा असेल त्यांनी घटनेची माहिती भेटीपूर्वी न देता टिपणे आधी जमवावीत, असा अनुभवावरून आलेला सल्ला आहे. आम्ही क्रम उलटा केला आणि काही विद्यार्थ्यांनी आजीच्या तोंडी आमचीच वाक्ये घातली.

रात्री थांबण्याचा हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या टिपणाच्या शेवटी एक सूचना केली आहे. पुढील वर्षीची भेट भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, दुपारी एकच्या सुमारास ठेवावी, असे तो लिहितो. गणेशोत्सवात पुण्यातील गर्दी पाहता ते कितपत जमेल हे सांगता येत नाही, तथापि विभागाने ती सूचना स्वीकारली आहे.